डाव्या दंडावरचे चार वण

माझं काम कोणालाही आठ दिवसांत शिकता येईल असं आहे. बाटलीत लसीची कोरडी भुकटी असते. तिच्यात सोबतचं पाणी घालायचं, दोन टोकांची सुई बुडवायची, टोकांच्या मधे अडकलेला थेंब दंडावर ठेवायचा आणि तिथंच पंधरा वेळा टोचायचं, रक्ताचा नुसता ठिपका दिसेल इतपत. लेकरू भोकाड पसरतं, आई आपल्याला शिव्या घालते, आपण पुढच्या घरी जायचं. सातव्या दिवशी येऊन दंड बघायचे. फोड आला असेल तर लस लागली, नसेल तर पुन्हा टोचायचं. गावात 'देवी काढणारा आला' म्हणतात, फार मोठ्या मनाचे लोक असले तर डॉक्टर म्हणतात.

हे काम मला रामरावांनी शिकवलं. तीस वर्षं लस टोचून ते निवृत्त झाले. पहिल्या दिवशी त्यांनी एक नियम माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला: पाणी घातलेली लस त्याच दिवसाची, उरली तर संध्याकाळी उकळून फेकायची. कोरडी भुकटी ऊन सोसते, ओली सोसत नाही. "उन्हातली लस म्हंजी नुसतं पाणी," ते म्हणाले. "टोचून घेणाऱ्याला काय बी कळत न्हाई. आपल्यालाच कळतं. बस्स, तितकंच." त्यांच्या आज्याच्या काळी बाटल्याच नसायच्या, असंही त्यांनी सांगितलं होतं. लस लागलेला एक माणूस घेऊन गावोगाव हिंडायचं आणि त्याच्या दंडावरच्या फोडातलं पाणी सुईनं दुसऱ्याच्या दंडाला लावायचं. तेव्हा मला किळस आली होती.

माझं नाव कचरू खरात. माझ्या आधीची तीन भावंडं देवीच्या रोगात गेली, म्हणून आईनं मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि हे नाव ठेवलं, म्हणजे मरणाची नजर पडली तरी ते नाक मुरडून पुढं जाईल. पुढं आम्ही धम्म घेतला. तेराव्या वर्षी मी आईसोबत गोदावरीवर गेलो होतो. तिनं देवीचा टाक पाण्यात सोडला, हात झटकले आणि म्हणाली, "जा बाई. तीन घेतलेस तू माझे." त्याच साली शाळेत मला लस टोचली. डाव्या दंडावर चार गोल वण उठले, आणि आई ते लोकांना दाखवत फिरायची.

हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी, की मी काय केलं ते नीट कळावं.

शहागडच्या अलीकडं, रस्त्यापासून तीन मैल आत, बाभूळखेड्याला आमच्या लोकांची वस्ती आहे. माझी धाकटी बहीण उषा तिथं दिलेली. यंदा, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, भीमजयंतीला त्यांनी मला भाषणाला बोलावलं. आदल्या दिवशी घनसावंगीकडच्या एका गावात मी तीन बाटल्यांत पाणी घालून बसलो होतो. गावात लग्न होतं, चार माणसं आली. संध्याकाळी बाटल्या उकळून फेकायच्या, ते मी उद्यावर ढकललं. बाटल्या पिशवीत, पिशवी सायकलला, आणि सायकल जयंतीच्या दिवसभर मांडवाबाहेर उन्हात उभी.

भाषण मात्र जोरात झालं. "देवीला नवस बोलू नका," मी म्हणालो. "देवी म्हणजे रोग आहे आणि रोगाला औषध आहे. कोणी काही सांगू दे, सुईला नाही म्हणू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उषाच्या कडेवर तिची पाच महिन्यांची सुजाता होती, तीसुद्धा हात आपटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे चोळत बाहेर आलो तर दारात रांग. गोजरबाई नावाची वस्तीतली म्हातारी काठी घेऊन रांग सरळ करत होती. "कोणी बी उसाला गेलं न्हाई आज," ती म्हणाली. "म्या म्हनलं, रोज बुडला तर बुडू द्या. आपला कचरू बोलला, आता सुई घ्यायाची."

पिशवीत एकही कोरडी बाटली नव्हती. आरोग्य केंद्र चौदा मैल. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की बायांनो, माझी चूक झाली, परवा येतो. माझ्यानं ते झालं नाही. काल टाळ्या घेतल्या होत्या ना! मला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी मी अडतीस माणसांना दोन दिवस तापलेलं पाणी टोचलं. त्यातल्या अकरा लेकरांना आजवर एकदाही लस लागलेली नव्हती. सुजाता शेवटची. तिच्या दंडावर मी सोळावा टोचा मारला, का ते मला माहीत नाही.

सातव्या दिवशी, बावीस एप्रिलला, दंड बघायला जायचं होतं. जाऊन काय बघणार? अडतीस कोरे दंड. मी शहागडच्या पुलापर्यंत गेलो आणि अप्पारावच्या हॉटेलात बसलो. चहा घेतला, वही काढली आणि अडतीस नावांपुढं 'फोड आला' असं लिहून टाकलं. अक्षर चांगलं काढलं. लिहिताना डाव्या दंडाला खाज सुटली होती, घामानं असेल म्हणून खाजवलं. मग बाकड्यावर डोळा लागला. उठलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

अप्पाराव माझ्याकडं बघत उभा होता. "डॉक्टर, झोपंत नावं घेऊन राह्यले होते तुम्ही," तो म्हणाला. "एक झालं की दुसरं. म्या म्हनलं, गाव मोजतो का काय हा गडी."

मी हसलो. अंग इतकं दुखत होतं, की सायकलवर बसवेना. नालायका, खोटं लिहायलासुद्धा कष्ट पडतात, असं मनात म्हणालो आणि सायकल हातात धरून घरी गेलो.

मे महिन्याच्या आठ तारखेला केंद्रावर निरोप आला: बाभूळखेड्याच्या वस्तीत कडूबाला देवी आल्या. हा कडूबा परमुलखात रस्त्याच्या कामावर गेला होता, एक तारखेला अंगात ताप घेऊन घरी आला. आठ दिवस तो वस्तीत होता. लोक त्याला भेटायला गेले असतील, त्याच्या अंगावरून हात फिरवला असेल. त्या सगळ्यांच्या दंडांत मी पाणी घातलं होतं. केंद्राचे डॉक्टरसाहेब जीप घेऊन मागून येणार होते. मी सायकल काढली आणि ताज्या बाटल्या घेऊन निघालो.

आधी कडूबाच्या खोपटात शिरलो. तो जमिनीवर पडला होता. तोंडावर, हातांवर, तळव्यांवर फोड, सगळे एकाच वयाचे. रोगाबद्दल शंकाच नव्हती. त्याची आई घाबरून कोपऱ्यात बसली होती. मी त्याला उचलून बसवलं, पाणी पाजलं, अंगाखालचं फडकं बदललं. त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "कचरू, मी तुझ्या भाषणाला न्हवतो रे." तासभर मी त्याच्याजवळ होतो. मला भीती नव्हती. माझ्या दंडावर चार वण होते.

मग मी सुजाताकडं धावलो. उषा दारातच होती. मी लेकराची बाही वर केली.

दंडावर खपली होती. काळी, घट्ट, मधे खोलगट. लस लागल्याची अस्सल खूण.

मी शेजारच्या घरात गेलो, मग त्याच्या शेजारच्या. अडतीस दंड बघितले. अकराही लेकरांच्या दंडावर तशीच खपली. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दंडावरसुद्धा आपापल्या परीनं खूण उठलेली. मला आनंद व्हायला हवा होता. पण सहा वर्षं मी दंडच बघत आलोय, खपलीचं वय मला कळतं. ही पंधरा एप्रिलच्या टोच्याची असती तर आज तेविसावा दिवस, खपली गळायला लागली असती. ही गळत नव्हती. ही सोळा दिवसांची खपली होती.

सोळा दिवसांमागं बावीस एप्रिल होता.

"कोण आलं होतं?" मी गोजरबाईला विचारलं. "माझ्यानंतर टोचायला कोण आलं होतं?"

"आता गं बया!" ती म्हणाली. "तूच आल्ता की रे लेका. बारा वाजता, भर उन्हाचं. पहिलं लागलं न्हाई म्हनून पुन्यांदा टोचून गेलास."

"गोजरमाय, मी नाही आलो. मी त्या दिवशी शहागडला होतो. आणि पहिल्यांदा टोचलं ती लस खराब होती. मला माहीत होतं. माहीत असून टोचली मी."

मी सगळ्यांसमोर बोललो. छातीवरचा धोंडा उतरेल असं वाटलं होतं. कोणी रागावलंच नाही. गोजरबाईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ऊन लागलं याला," ती म्हणाली. "जल्दी पाणी आना रे. आमची लेकरं वाचवली अन् वर म्हनतो, मी न्हवतो!"

मला त्यांच्या त्या प्रेमाचा इतका राग आला, की रडू फुटलं.

उषानं मला घरामागं नेलं.

"दादा, खरंच तू न्हवता?"

"नव्हतो."

ती सुजाताला थोपटू लागली. "सायकल न्हवती तुझ्याकडं," ती म्हणाली. "पायी आल्ता. म्या चहा ठेवते म्हनलं तर म्हनला, उशीर झाला. तितकंच. सगळ्या घरांत तितकंच बोलला, उशीर झाला."

"बाटली? बाटली होती हातात?"

"न्हाई."

"मग टोचलं कशानं?"

"सुई होती." तिनं माझ्याकडं न बघता आपल्याच डाव्या दंडावर बोट टेकवलं. "बाही वर केल्ती तू. तुझे ते चार वण ओले झाल्ते. सुई तिथं लावायचा, मंग आमाला. दर टायमाला. म्या म्हनलं, सरकारनं नवीन पद्धत काढली असंल."

तेवढ्यात जीप आली. पुढचे चार तास मी डॉक्टरसाहेबांसोबत आजूबाजूची शेतं, वाड्या, रस्त्यावरची हॉटेलं टोचत फिरलो. अप्पारावलाही टोचलं. टोचता टोचता त्याला विचारलं, त्या दिवशी मी कुठं उठून गेलो होतो का? "कुठं जाता?" तो म्हणाला. "माझं बाकडं अडवून बारा ते तीन घोरत होता. बिलकुल हालला न्हाई तुम्ही."

उन्हं कलल्यावर मी वस्तीबाहेर विहिरीपासून लांब बादली घेऊन बसलो. रोग्याजवळचे कपडे काढून उकळत्या पाण्यात टाकले. साबण लावायला डावा दंड चोळला आणि हात थांबला.

दंड गुळगुळीत होता. चार वण जिथं होते तिथं काहीही नव्हतं. पाच महिन्यांच्या लेकराची असते तशी कातडी.

मी तालुक्याला शिकलेला माणूस आहे, सुईवर विश्वास ठेवणारा. आधी उजेड कमी असेल म्हणून बघितलं, मग उजवा दंड बघितला, मग डॉक्टरसाहेबांना दाखवलं. त्यांना मी सगळं सांगितलं, तापलेल्या बाटल्यांपासून. ते थकलेले होते. "खरात," ते म्हणाले, "खराब लसीचं मला लेखी द्या, त्याचं काय व्हायचं ते होईल. पण तुम्हाला वण होते हा भ्रम असेल. पुष्कळांना लस लागतच नाही." मग त्यांनीच माझं नोकरीचं पुस्तक मागवलं. पहिल्या पानावर ओळखीच्या खुणेपुढं लिहिलेलं होतं: डाव्या दंडावर देवीचे चार वण. त्यांनी ते वाचलं आणि पुस्तक मिटलं.

त्यांनी स्वतःच्या हातानं मला टोचलं. त्याच बाटलीतून कडूबाच्या आईला टोचलं; ती त्या अडतीस जणांत नव्हती. तिला सातव्या दिवशी ठसठशीत फोड आला. मला तिसऱ्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दंडावर पुन्हा टोचलं. सातव्या दिवशीही काही नाही. कातडीवर टोच्याची खूणसुद्धा उरली नाही. माझ्या अंगाकडं द्यायला उत्तरच नव्हतं.

कडूबा सहाव्या दिवशी गेला. त्याच्यानंतर वस्तीत आजपर्यंत एकालाही ताप नाही.

मी आठ मेच्या रात्रीपासून वस्तीपासून अर्ध्या मैलावर, उसाच्या कडेला एका रिकाम्या कोठ्यात राहतो. डॉक्टरसाहेब दिवस मावळताना येऊन जातात. उषा सकाळी बांधावर भाकरी ठेवते आणि लांब उभी राहते. आज वीस मे, कडूबाजवळ बसल्याचा बारावा दिवस; देवीचा ताप याच सुमारास येतो. काल रात्री थंडी वाजून ताप आला, कंबर मोडून पडलीय. आता पुढं काय होतं ते मला पाठ आहे. सकाळी वही उघडली आणि स्वतःचं नाव लिहिलं. कचरू खरात, वय एकतीस. टोचले आठ मे. फोड आला नाही. सहा वर्षांत इतकं खरं मी काही लिहिलं नसेल. बरं वाटलं.

मग उषा आली. भाकरी ठेवली आणि तिथूनच ओरडली, "दादा, आता बरा दिसतो की! काल किती वंगाळ दिसत होतास."

काल ती मला दिसली नव्हती. काल तिनं भाकरी ठेवली तेव्हा मी आत पडून होतो.

"कधी बघितलंस मला?"

"असं काय करतो? दुपारी वस्तीत आल्ता ना. गोजरमायच्या नातीला चार दिवसाखाली लेकरू झालं, ते इचारायला. म्हनला, उद्या येऊन त्याला टोचतो. हात लई गरम होता तुझा. बाहीवरून पाणी गळत होतं."

काल दुपारी मी झोपलो होतो. बारापासून.

मी उठून दारापर्यंत गेलो आणि जितकं ओरडता येईल तितकं ओरडलो. "उषा, ऐक! मी आलो तर मला घरात घेऊ नका. त्या लेकराला हात लावू देऊ नका. माझ्या अंगात आता लस नाही, रोग आहे! कोणालाही टोचू देऊ नका मला!"

ती हसली, ताप चढलेल्या माणसाकडं बघून हसावं तशी. लहानपणापासून ती माझं सगळं ऐकत आलीय.

"असं कसं, दादा?" ती म्हणाली. "तूच तर सांगितलं ना, कोणी काही सांगू दे, सुईला नाही म्हणू नका."

आणि गेली. मी मागं गेलो तर रोग घेऊन जाणार. इथं बसलो तर बसून काय करणार? डॉक्टरसाहेब येणार दिवस मावळताना. म्हणून मी लिहीत बसलोय. लिहिताना माणूस झोपत नाही.

झोपायचं नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

ताप वाढतोय. दोनदा मान कलली. दोन्ही वेळा तोंडातून गोजरबाईच्या नातीचं नाव निघालं आणि त्या आवाजानं मी जागा झालो.

घड्याळात पावणेबारा झालेत. डाव्या दंडाला खाज सुटलीय.